लेकराच्या आधी रक्ताचा रिपोर्ट

"आप दोनों कॅरिअर हैं," रायपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझा नवरा सुधीर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला. मोबाइल बंद होता.

सिकल सेल कॅरिअर म्हणजे रक्तातला दोष अंगात असतो, पण स्वतःला त्रास होत नाही. दोघंही तसे असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, की बाळाला खरोखरचा आजार होईल. मी म्हटलं, "मॅडम, मी तर ठणठणीत आहे." त्या म्हणाल्या, "वही तो."

तपासणीला आम्हाला ओढत नेलं होतं माझ्या मोठ्या नणंदेनं, शोभाताईनं. तिला स्वतःला सिकल सेलचा आजार आहे. मी मुलाचा विषय काढला तशी म्हणाली, "लेकरू पाहिजे ना? मंग आधी दोघंही रक्त द्या."

तोवर मला घरच्यांनी 'तिला वात आहे' एवढंच सांगितलं होतं. आमच्यात सोयरीक वर्ध्या-नागपूरकडच्या ओळखीच्या घरांतच होते. पत्रिका पाहिली, गुण मोजले. माझे आईबाबा घर पाहायला रायपूरला आले त्या दिवशी ताईला मात्र बीरगांवला मावशीकडे धाडून दिलं. आजारी नणंद दिसली तर लग्न मोडेल, ही भीती.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी तिच्यावर जाम भडकले. "ताई, तुम्ही लग्नाआधी काहून नाही बोलल्या?"

"बोलाचं होतं. आईच्या डोळ्यात पाणी पाह्यलं अन् चुपचाप ऑटोत बसली. चुकलं माह्यं."

बस, एवढंच. कोणावर ढकललं नाही. इतकी सरळ माफी मी आमच्या दोन्ही घरांत कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. तरी आठ दिवस मी तिच्याशी तुटकच वागले. मग माझ्या आईचं रक्त तपासलं तर दोष तिच्यातही निघाला, आणि माझा तोरा उतरला. माझ्या माहेरी तर कोणाला पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दिवस राहिले की लगेच यायला सांगितलं. दिवस राहिले. अकराव्या आठवड्यानंतर कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग करायचं ठरलं. म्हणजे पोटातून सुई घालून वारेचा बारीकसा तुकडा काढतात आणि बाळाला आजार आहे का ते पाहतात. गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो, तोही त्यांनी लपवला नाही.

सुई दुखली. पण रिपोर्टची वाट पाहणं, बापरे! सुधीर उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दर तासाला फोन करी आणि "आला का?" एवढंच विचारून ठेवून देई.

एका संध्याकाळी ताई माझ्याजवळ बसली. "माह्यासारखं निघालं तं काय करशील?"

तिच्यासमोर काय बोलणार?

"ठरवाचं तुम्ही दोघांनीच. पण मले पाहून घाबरू नको. अन् मले बरं वाटावं म्हणूनही काही ठरवू नको. काय विचाराचं ते इचार, खरं सांगतो."

मी विचारलं. तिनं सगळं सांगितलं. दुखणं उठलं की हाडं कोणीतरी पिळून राहिलं असं वाटतं. दहावीची परीक्षा बुडाली. दोनदा रक्त चढवलं. आता रोजच्या गोळीनं दुखणं बरंच आटोक्यात आहे. मग हसली. "पण पंडरी बाजारातल्या ज्या साडीच्या दुकानात मी कामाले जातो, तिथं बायका मालकाले सोडून माह्याकडून साड्या घेतात, हेही ध्यानात ठेव." स्वतःचं आयुष्य असं दुसऱ्याच्या निर्णयासाठी उघडून ठेवायला केवढी छाती लागते! मला तर जमलं नसतं.

रिपोर्ट आला. बाळ आमच्यासारखंच, फक्त कॅरिअर. सुधीर ढसाढसा रडला. ताईनं आधी डॉक्टरीणबाईंचे हात धरले, मग माझे.

तुमच्या घरात कोणाला असा 'वात' असेल, तर पत्रिकेआधी रक्त तपासा. लग्न झालं असेल तर मूल ठरवण्याआधी तपासा. आणि त्या माणसाला मावशीकडे धाडू नका, त्यालाच विचारा.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. आत्याचा आजार तिला आला नाही याचा मला आनंद झाला, हे मी ताईच्या तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "मले तुह्यापेक्षा जास्त झाला." बाकी पोरगी सगळी आत्यावर जावो.