थिएनवांगचं पोट भरेना

पाचव्यांदा नाणी टाकली आणि पाचव्यांदा दोन्ही काटे वर आले. लिएनची फरशीवर मांडी घालून बसली होती. तिने नाणी उचलली, पदरासारख्या लांब अ‍ॅप्रनला पुसली आणि पुन्हा मुठीत घट्ट धरली, जणू चूक नाण्यांवरच्या तेलकटपणाची होती.

"अजून नाहीच म्हणतायत," मुलगा चाओछिंग म्हणाला.

"मला डोळे आहेत," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याला, थिएनवांगला, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आज त्याची तिथी होती. घराण्याची रीत ठरलेली. देव्हाऱ्यापुढच्या टेबलावर जेवण मांडायचं, उदबत्त्या लावायच्या, त्या अर्ध्या जळाल्या की दोन नाणी टाकून गेलेल्या माणसाचा कौल घ्यायचा, की बाबा रे, जेवलास का पोटभर? एक छापा आणि एक काटा पडला की झालं त्याचं जेवण. मग त्याला तिकडे खर्चायला म्हणून खोट्या कागदी नोटा जाळायच्या आणि घरच्यांनी पानावर बसायचं. दोन्ही नाणी सारखी पडली तर थांबा, तो अजून जेवतोय, नाहीतर त्याला काहीतरी कमी पडलंय. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की घरादाराची जी पंचाईत होते, तीच ही. दोन वाजता मांडलेलं जेवण, आता तीन वाजून गेले होते. सून यीरू सकाळपासून उपाशी होती आणि चाओछिंगने फ्रिज उघडून बंद करायची ही चौथी वेळ.

लिएनचीला भूक नव्हती, तिला राग होता. पहिली दोन वर्षं ही तिथी थोरल्या जाऊबाईंकडे झाली. त्यांनी रीतीप्रमाणे अख्खी उकडलेली कोंबडी, डुकराचा तुकडा आणि मासा मांडला आणि दोन्ही वर्षं पहिल्याच फेकीला कौल मिळाला. "भाऊजी माझ्याकडे अगदी लगेच हो म्हणतात हो," असं जाऊबाई फोनवर जे बोलल्या होत्या, ते त्यातल्या 'हो'सकट लिएनचीच्या डोक्यात रुतून बसलं होतं. यंदा पाळी तिची होती. आता बघाच म्हणाली होती ती.

आणि तिने काही कसर ठेवली नव्हती. समोर बशीत अख्खी कोंबडी बसली होती. चोच, तुरा, पंख, सगळं जागच्या जागी, आणि तिच्यात कोंबडीचा कणही नव्हता. सोयाबीनच्या दुधावरच्या सायीचे चाळीस पापुद्रे तिने रात्रभर मशरूमच्या पाण्यात भिजवले होते, एकावर एक रचून फडक्यात आवळून बांधले होते, उकडले होते, आणि वरचं कातडं तेवढं कुरकुरीत तळलं होतं. तंगड्यांत हाड म्हणून उसाच्या कांड्या खोचल्या होत्या. तीन दिवस खपून केलेलं ते काम. चियायी शहराच्या पूर्व बाजारामागे तिचं शाकाहारी दुकान होतं आणि तिच्या हातची ही कोंबडी खाऊन मांस खाणारेसुद्धा बोटं चाटत. एकदा तर एका गिऱ्हाइकाने तोंडातला घास बाहेर काढून, हे खरंच शाकाहारी आहे ना, म्हणून भांडण काढलं होतं. त्या भांडणाचा तिला वर्षभर अभिमान होता.

तेच दुकान चौदा वर्षांपूर्वी टर्की-भाताचं होतं. थिएनवांगच्या बापाने काढलेलं, पुढे थिएनवांगने चालवलेलं. टर्की पक्षी उकडण्यात आणि गरम भातावर तिची चरबी ओतण्यात त्या माणसाचा जन्म गेला होता. मग एक दिवस भाताच्या पातेल्याशेजारीच तो कोसळला. डॉक्टर त्याची छाती उघडून बसले होते, तेव्हा लिएनची देवळात कुआनयिन देवीपुढे कपाळ टेकून होती. हा उठून घरी आला तर आम्ही दोघं जन्मात मांसाला शिवणार नाही, असा नवस ती बोलली. 'आम्ही दोघं' म्हणाली. त्याला विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं, तो टेबलावर बेशुद्ध.

तो उठला, घरी आला, आणि नवसाचं ऐकून "बरं" म्हणाला. महिन्याभरात टर्कीची पाटी उतरली.

पुढची अकरा वर्षं तो जगला आणि ती अकरा वर्षं लिएनचीने एकच ध्यास घेतला. त्याला मांसाची आठवण म्हणून येता कामा नये. मशरूमचं मटण, कोंजॅकच्या कंदाची कोळंबी, समुद्री शेवाळाचं कातडं चढवलेला मासा, आणि सगळ्यांवर ही कोंबडी. कांदा-लसूण वर्ज्य, तरी चव आणायची. नवं काही जमलं की पहिली बशी त्याच्यापुढे, आणि ही कमरेवर हात ठेवून शेजारी उभी. कसं झालंय? कोंबडीसारखं लागतंय ना? खरं सांग हं, उगाच माझं मन राखू नकोस. तो चावायचा, ही त्याच्या जबड्याकडे बघायची. "हुबेहूब," तो म्हणायचा. जरा सावकाश चावला तर हिचा चेहरा पडे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाट. पेपर तपासायला बसलेल्या मास्तरीणबाईंपुढे पोराने उभं राहावं, तसा तो जेवायचा. पण हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही.

आणि आता मेल्यानंतर हा माणूस नाही म्हणतोय.

तिने त्याच्यापुढचा दारूचा पेला पुन्हा भरला. सहावी फेक, दोन्ही काटे. चाओछिंग म्हणाला, चॉपस्टिक बदलून बघूया, ह्या नव्या आहेत, बाबांना जुन्या लागायच्या. जुन्या आणल्या. सातवी फेक. या वेळी दोन्ही छापे पडले.

दोन्ही छापे म्हणजे गेलेला माणूस हसतोय, हे त्या घरात लहान पोरालाही कळतं.

"हसतोय?" लिएनची फोटोकडे बघून म्हणाली. "तीन दिवस मी पाठ मोडून घेतली आणि तू मला हसतोयस?"

यीरू मघापासून अंगठीशी चाळा करत होती. ती हळूच म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार आहे. सांग."

मग यीरूने सांगितलं. देवळाच्या दारातल्या श्यूमेईच्या गाडीवरची तळलेली कोंबडी बाबांना फार आवडायची. लग्न होऊन ती नुकती घरात आली होती, तेव्हा एकदा तिने त्यांना तिथे बघितलं. त्यांनी एक तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि घरी बोलायचं नाही म्हणून वचन घेतलं. दर बुधवारी, चार वाजता.

चार वाजता! लिएनचीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वाजता तो फिरायला जायचा, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. तिने त्याच्यासाठी मऊ तळव्याचे बूट आणले होते. शेजारणींना कौतुकाने सांगायची, ऊन असो पाऊस असो, आमच्या ह्यांचं चालणं चुकत नाही. आणि तो गेल्यावर त्याच्या जाकिटाच्या खिशात मूठभर पुदिन्याच्या गोळ्या सापडल्या होत्या. बिचाऱ्याला खोकला होता आणि मला बोलला नाही, असं म्हणून ती त्या गोळ्या हातात घेऊन रात्रभर रडली होती. खोकला! लसणाचा वास मारायला होत्या त्या.

ती तशीच अ‍ॅप्रनवर बाहेर पडली. चाओछिंग मागून हाका मारत राहिला.

श्यूमेईचा पहिला घाणा होऊन दुसऱ्यासाठी कढई तापली होती. साठीची बाई, बाहीवर तेलाचे डाग. तिने कोंबडीचे तुकडे सोडले, वर तुळशीची पानं टाकली, ती तडतडली आणि लसूण-मिरपुडीचा वास लिएनचीच्या नाकात शिरला. चौदा वर्षं ती या बाजूने गेली की श्वास धरून जायची. आज विसरली. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याचाही तिला संताप आला.

"माझा नवरा तुझ्याकडे यायचा?"

श्यूमेईने झारा थांबवला नाही. "यायचे, वहिनी. तुमच्या दुकानाची पाटी बदलली ना, त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून."

लिएनचीने तिला मग सोडलं नाही. फाटलेल्या काळजाच्या माणसाला तू तळण चारलंस, त्याला काही झालं असतं तर, नवस माझा होता आणि तो तू मोडलास, असं सगळं रस्त्यावर उभं राहून ती बोलली. रांगेतली दोन माणसं मागे सरकली. श्यूमेईने ऐकून घेतलं. आठवड्याला चार तुकडे द्यायचे, एवढंच ती म्हणाली. पाचवा मागितला तरी दिला नाही कधी. आणि न्यूमोनियाने गेले हो दादा, काळीज शेवटपर्यंत चांगलं होतं.

ते खरंच होतं. त्यामुळे लिएनचीचं बोलणं तिथेच तुटलं. मग जे विचारायला ती खरी आली होती, ते बाहेर पडलं.

"माझ्या हातचं त्याला आवडत नव्हतं ना?"

"उलट," श्यूमेई म्हणाली. "तुझ्यापेक्षा माझ्या बायकोची कोंबडी सरस, असं तोंडावर सांगायचे मला. मलाही राग यायचा."

"खोटं बोलू नकोस."

"देवळाच्या दारात उभी आहे, खोटं कशाला बोलू? मीच एकदा विचारलं, मग इथे का येता? तर म्हणाले, इथे खाल्ल्यावर कसं झालंय ते सांगावं लागत नाही."

कढईत तुकडे लाल होत होते. पहिल्या घाण्यातले तुकडे घेऊन बाजूला उभा असलेला एक जण कुणाकडेही न बघता, फोनमध्ये डोकं घालून, काडीने एकेक तुकडा तोंडात टाकत होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

"चार तुकडे दे," ती शेवटी म्हणाली.

"लसूण?"

"तो खायचा तसं."

घरापर्यंत ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत गेली. एकदा तरी तोंड उघडायचं होतंस! बाई गं, मला जरा एकट्याला जेवू दे, एवढं म्हणायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुला? पण गल्लीच्या वळणावर तिला स्वतःलाच कळलं की त्याने तसं म्हटलं असतं, तर तिने चव बिघडली असं समजून दुसऱ्या दिवशी नव्याने पापुद्रे भिजत घातले असते. आणि पुन्हा शेजारी उभी राहिली असती. ह्याचा राग कुणावर काढायचा, ते तिला समजेना.

घरात शिरल्यावर ती आधी देव्हाऱ्यावरच्या कुआनयिन देवीच्या तसबिरीपुढे उभी राहिली. "नवस माझा होता," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं नव्हतं. मी माझा पाळते आहे. त्याचा तेवढा सोडव." मग तिने तेलाने पारदर्शक झालेली ती कागदी पिशवी टेबलावर ठेवली, तोंड उघडून, आत काडी खोचून. आपली कोंबडी तिने हलवली नाही. तीही शेजारीच राहिली.

नव्या उदबत्त्या लावल्या. त्या अर्ध्या जळाल्या तेव्हा चाओछिंगने नाणी उचलून तिच्यापुढे धरली. यीरूने तर नोटा जाळायचं घमेलंसुद्धा अंगणात नेऊन ठेवलं होतं. आता नक्की हो म्हणणार, हे दोघांच्याही तोंडावर लिहिलेलं होतं.

लिएनचीने नाणी घेतली आणि अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली.

"आई, विचारायचं ना?"

"नाही. चला आत. त्याच्याकडे बघत उभे राहू नका."

तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसली. चाओछिंग कुजबुजला की मग त्यांचं जेवण झालं हे कळणार कसं, आणि लिएनची म्हणाली, होईल तेव्हा होईल, आपल्याला कुठे जायचंय. देव्हाऱ्याकडे पाठ येईल असा स्टूल तिने निवडला होता. उदबत्तीच्या वासात लसणाचा वास मिसळून आत येत होता. दोनदा तिची मान मागे वळायला गेली. दोन्ही वेळा तिने ती आवरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली.