शेवट वाईट नसलेली कादंबरी

चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात लागून मला सहा वर्षं झाली होती. राहायला निघोज्यात एक खोली. परभणीहून आईचा फोन यायचा. जेवलास का आणि मुलगी बघायला कधी येतोस, एवढंच बोलणं व्हायचं. बाकी आठवडा शिफ्टमध्ये जायचा. माणसांत बसावं म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मोटारसायकलवर तळेगावला जायचो. तिथल्या वाचनालयात सात-आठ जण जमायचे, बहुतेक निवृत्त. दर वेळी एकाने आपल्या आवडत्या कादंबऱ्यांवर बोलायचं आणि त्या इतरांना सुचवायच्या.

माझी पाळी दोनदा आली, तेव्हा मी सगळ्यांना चालतील अशी पुस्तकं सुचवली. तिसऱ्या वेळी धाडस केलं. पिशवीतून तीन कादंबऱ्या नेल्या. तिन्हींत पुरुषावर प्रेम करणारे पुरुष होते. त्या इतक्यांदा वाचल्या होत्या की त्यातली माणसं मला कंपनीत लाईनवर सोबत काम करणाऱ्या माणसांपेक्षा जवळची वाटायची. मी वीस मिनिटं बोललो. कुणीतरी मुखपृष्ठ छान आहे म्हणालं. मग बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुम्हाला नेमकी हीच का आवडली?"

उत्तर मला ठाऊक होतं. बहुधा ते देण्यासाठीच मी आलो होतो.

"भाषा चांगली आहे," मी म्हणालो.

चहा झाला. पुस्तकं कुणीच उचलली नाहीत. ती पिशवीत भरून खाली गाडीपाशी आलो, तर गटातल्या एक बाई मागोमाग आल्या. मावळातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. बैठकीत त्या फारसं बोलत नसत. त्यांनी हळूच विचारलं, "यातल्या कुठल्या पुस्तकाचा शेवट वाईट न्हाई?"

मी विचार करू लागलो. एकात नायक जीव देतो. दुसऱ्यात लग्न करून कायमचा गप्प होतो. तिसऱ्यात दोन प्रौढ पुरुष रोपवाटिका चालवतात, पाण्याच्या टाकीवरून भांडतात आणि शेवटी एका ताटात जेवतात. यापूर्वी मी ही मोजदाद कधी केलीच नव्हती.

"लेकीला द्यायचंय," त्या म्हणाल्या. "तिनं मला सांगितलं तिचं. मी काईच बोलले न्हाई. चार महिने झाले, भाजी काय करायची एवढंच बोलतो आमी."

यात पुरुष आहेत, मुली नाहीत, असं मी सांगितलं. चालेल म्हणाल्या. पुस्तक पर्समध्ये ठेवताना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी एकटाच असतो, म्हणालो. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. तेव्हा सांगता आलं असतं. मी हेल्मेट घातलं.

त्यानंतर त्या बैठकीला आल्या नाहीत. पुस्तक मी परत मागितलं नाही. तीनेक महिन्यांनी कंपनीत चहाच्या सुट्टीत त्यांचा मेसेज आला, नंबर वाचनालयातून घेतला होता. लेकीने कादंबरी वाचली, मग त्यांनीही वाचली, आणि काल दोघी थोडंसं बोलल्या. आभार मानले होते.

मी बरंच काही लिहिलं आणि पुसलं. 'बरं वाटलं,' एवढंच पाठवलं. शेजारच्याने विचारलं, "काय भावा, कुणाचा मेसेज?" वाचनालयाचा, म्हणालो. सुट्टी संपली आणि मी लाईनवर गेलो. तळेगावातल्या एका घरात बोलणं सुरू झालं होतं, पण हे जाऊन सांगावं असं मला कुणी नव्हतं.