ते गैरहजर नव्हते

दारात खाकी कपड्यातला माणूस उभा आहे, असं शेजारच्या खैरूनभाभी मागच्या दाराने येऊन सांगून गेल्या, तेव्हा मी बांगड्याचं कालवण स्टोव्हवर ठेवत होते. हातातली पळी तशीच राहिली. पोलीस आला म्हणजे ह्यांच्या लष्करातल्या नोंदींचं ते जुनं प्रकरण कुणीतरी पुन्हा उघडलं, हाच माझा पहिला विचार. बाहेर गेले ती त्याला बोलूच न देता म्हणाले, "अहो, ते सगळं मिटलंय. शिक्क्याचे कागद आहेत आमच्याकडे. दाखवते." पोलीस वयाने कोवळाच होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. "बाई, हवालदार दत्ताराम शिगवण तुमचे कोण?… एस.टी. स्टँडवर बाकावर बसले होते, गाडीची वाट बघत. तिथेच…" पुढचं त्याचं बोलणं मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. प्रकरण नव्हतं ते. मग हळूहळू कळलं, काय होतं ते…

आता दोन महिने होत आले. ह्यांच्याविषयी लिही, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. लिहायला बसले की ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येण्याआधी ती भीतीच येते. आमच्या संसाराची काही वर्षं तिने खाल्ली. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

हे दापोली तालुक्यातल्या आतल्या गावचे, मी केळशीची. लग्न झालं तेव्हा हे लष्करात शिपाई होते. वर्षातून एकदा सुट्टीवर येणार, कौलं शाकारणार, चार दिवस शेतात राबणार आणि परत जाणार. नवरा म्हणून ह्यांना मी खरं ओळखलं ते पेन्शनीत आल्यावर, रत्नागिरीत मांडवीला आम्ही दोन खोल्या घेतल्या तेव्हा. मी बालवाडीत शिकवायला लागले होते, म्हणून मला "मास्तरीणबाई" म्हणायचे. हे आंब्याच्या कारखान्यात रखवालदार. बाजारात भाजी आणायला निघाले तरी बुटांना पॉलिश. मुलींच्या वेण्या माझ्यापेक्षा घट्ट घालायचे. लष्करात शिकलेल्या पुऱ्या अशा टम्म फुगवायचे की खैरूनभाभी ताटली घेऊन यायच्या. लढाई बघितलेला हा माणूस किनाऱ्यावर चालताना कुर्ली, म्हणजे साधा खेकडा दिसला की मात्र टुणकन बाजूला उडी मारायचा. आम्ही तिघी हसून बेजार व्हायचो.

ह्यांच्याकडे दोन पदकं होती. एकदा माजी सैनिकांच्या मेळाव्याला ती लावून गेले. तिथल्या एका साहेबांनी विचारलं, "शिगवण, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही आघाडीवर होता. जखमीही झालात म्हणता. मग आघाडीचं पदक कुठाय? जखमींना देतात ते कुठाय?" ह्यांना कधी प्रश्नच पडला नव्हता. नोंदीत राहून गेलं असेल, अर्ज करा, मिळेल, असं साहेब म्हणाले. घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, "कशाला? आहेत ती दोन पुरे की." सरकारी कचेरीशी आपण होऊन बोलायला जाऊ नये, असं माझ्या वडिलांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण ह्यांनी अर्ज धाडला.

उत्तर आलं ते इंग्रजीत. आमच्या बालवाडीच्या मुख्य बाईंनी वाचून अर्थ सांगितला. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला. रेकॉर्ड ऑफिसचं म्हणणं असं होतं की लढाईच्या त्या दिवसापासून पुढचे कित्येक आठवडे शिपाई शिगवण पलटणीतून विनापरवाना गैरहजर असल्याची नोंद आहे. जखमेची नोंद कुठेही नाही. सबब पदकांचा प्रश्नच येत नाही, उलट या गैरहजेरीचा खुलासा करावा, नाहीतर पेन्शनसाठी धरलेल्या सेवेचाही फेरविचार करावा लागेल.

गैरहजर… म्हणजे पळालेला.

ह्यांना मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. पत्र हातात धरून बसले होते आणि कागदाचा कोपरा फडफडत होता. वारा नव्हता. हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी दवाखान्यात व्हतो गो… मी दवाखान्यात व्हतो." झालं होतं असं, की गोळा फुटून हे जखमी झाले, पुढे बेशुद्ध पडले, आणि दुसऱ्याच कुठल्या पलटणीच्या गाडीने ह्यांना त्यांच्या दवाखान्यात नेलं. गळ्यातला नाव-नंबराचा बिल्ला तुटून पडलेला. तिथे कुणी काय नाव लिहिलं, देव जाणे. बरे होऊन परत आले तेव्हा ह्यांच्या कप्तानाने पाठीवर हात ठेवून "आलास? बरं झालं" म्हटलं आणि कामाला लावलं. ती गैरहजेरीची नोंद कुणी खोडलीच नाही. तो कप्तानही आता हयात नव्हता.

त्यानंतरचे दिवस भीतीतच गेले. मुली शाळेत होत्या. पेन्शन गेली तर काय, हा एक घोर. दुसरा त्याहून मोठा. कुणीतरी सांगितलं की मिलिटरीवाले कितीही वर्षांनी येऊन पळालेल्या माणसाला उचलून नेतात. खरं की खोटं, विचारायचं कुणाला? विचारलं तर लोकांना कळणार. रस्त्यात जीपचा आवाज आला की मी आधी ह्यांना आत जा म्हणायची. पोस्टमनची सायकल दिसली की दार लोटून घ्यायची. मग एक दिवस चौकशीला पोलीस आलाच. आमच्याकडे आला नाही, आजूबाजूला विचारत फिरला, माणूस कसा आहे, कुठे जातो, काय करतो. आठ दिवसांत सगळ्या मांडवीत बोभाटा झाला. वाणी साखर बांधता बांधता हसून म्हणाला, "काय हवालदार, लढाईतनं पळून आलात म्हणे?" हे साखर तिथेच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून बुटांना पॉलिश करणं बंद झालं.

माझा भाऊ वसंतदादा मुंबईला बंदरात कारकून होता. गणपतीला आला तेव्हा मी त्याच्यापुढे रडले. तो म्हणाला, "सरकारशी भांडून कोण जिंकलाय? चूक झाली, माफ करा, असं लिहून द्या. पदकं नकोत म्हणून सांगा. पेन्शन तेवढी वाचेल." मला ते पटलं. दादाने अर्ज लिहूनही दिला. त्या संध्याकाळी हे मांडवीच्या धक्क्यावर बसले होते तिथे मी तो घेऊन गेले. म्हटलं, "सही करा. मुलींकडे बघून करा."

हे पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यशवंताचा तुला कधी सांगितला नाय मी."

यशवंत ह्यांच्या तुकडीतला, साताऱ्याकडचा. गोळा पडला तेव्हा हे भातशेताच्या बांधाला पालथे पडले होते, पाठ फाटलेली. बाकीचे मागे सरले. यशवंत एकटा पुढे आला. "मला खांद्यावर उचललान," हे म्हणाले. "मी वजनाला भारी. शिव्या घालत व्हता, वाटभर घालत व्हता. मागं झाडीत आनून मला खाली ठेवलान, आन तसाच माझ्या अंगावर पडला. मला वाटलं, दमला… मी म्हटलं, यशवंता, ऊठ रे, दुखतंय मला. उठलाच नाय. पाठीत लागली व्हती त्याच्या."

खाली होड्या लागत होत्या, कोळणींचा गलका चालला होता.

"आता सांग," हे म्हणाले. "मी जखमी झालोच नाय, पळालो, असं मी सही करून दिलं तर तो कुनाला आनायला गेला व्हता? कशाला मेला तो?"

तो अर्ज मी तिथेच फाडला. भीती गेली म्हणून नाही. भीती तशीच होती. पण त्यानंतर माफीचं नाव मी काढलं नाही.

जखम झाली होती याचा पुरावा काय, असं पुन्हा पत्र आलं. पाठीवरचा व्रण कसलाही असू शकतो, म्हणे. खुलासे लिहिण्यात मुख्य बाईंनी फार मदत केली. छातीचा एक्स-रे फोटो काढून घ्या, ही कल्पनाही त्यांचीच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि ह्यांच्याकडे वळून बघितलं. फासळ्यांच्या आत, काळजाच्या अगदी मागे, नखाएवढा पांढरा तुकडा होता. काठ दातेरी. लोखंड. "हा इतकी वर्षं आत आहे?" त्यांनी विचारलं. "व्हय," हे म्हणाले, "तेव्हाच्या डॉक्टरनी सांगितलान, काढायला जाऊ तर मरशील. र्‍हाऊ दे." मी ह्यांची बायको. पाठीवरचा तो व्रण माझ्या बोटांना पाठ होता. आतलं मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मी भांडले. हे एवढंच म्हणाले, "तू घाबरली असतीस."

पुरावा मिळाला आणि नवी भीती घरात राहायला आली. तो तुकडा हलला तर? हे खोकले तरी मी धावायची. विहिरीचं पाणी ओढणं बंद केलं, गहू दळायला नेणं बंद केलं. हे चिडायचे, "अगो, लढाईत नाय मेलो, तू घरात बसवून मारशील." रोज पहाटे ह्यांचा श्वास चालू आहे ना, ते बघितल्याशिवाय मी चूल पेटवली नाही. तसं करायची सवय मला पुढे कायमचीच लागली.

शेवटी चौकशीसाठी लष्कराचे एक साहेब रत्नागिरीला येणार, विश्रामगृहावर हजर राहा, असं बोलावणं आलं. त्या सकाळी ह्यांनी कितीतरी दिवसांनी बुटांना पॉलिश केलं. मी सोबत गेले. आत सोडतील की नाही माहीत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. साहेब मराठी बोलणारे होते, चेहरा कडक. हे ताठ उभे. साहेबांनी नोंद वाचली आणि विचारलं, "साक्षीदार?"

"नाय साहेब. व्हता तो तिथंच राहिला."

"जखम दाखवा."

सदऱ्याच्या गुंड्या ह्यांना सोडवेनात. मी पुढे होऊन सोडवल्या. परक्या पुरुषासमोर नवऱ्याचा सदरा काढताना लाज वाटायला हवी होती. मला तेव्हा फक्त भीती वाटत होती की हा माणूस आता हसेल. तो हसला नाही. व्रण बघितला, फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "तुम्हाला आणणाऱ्या शिपायाचं पूर्ण नाव सांगा. गाव सांगा." ह्यांनी यशवंताचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. "त्याच्या नोंदीत काय आहे ते मी मागवून बघतो," म्हणाले. "बसा तुम्ही. उभे नका राहू." एवढंच. पण बसा म्हणाले, हे मी रिक्षात ह्यांना किती वेळा सांगितलं असेन.

पुढे एक अख्खा पावसाळा गेला. काही नाही. हे मनातून खचले होते. कदाचित नोंदीतून यशवंतही पुसला गेला असेल, अशी ह्यांना भीती होती. मग दिवाळी उलटल्यावर पत्र आलं. यशवंताच्या मृत्यूच्या नोंदीत लिहिलेलं होतं की तो आपल्या तुकडीतल्या एका जखमी शिपायाला आघाडीवरून उचलून आणताना पडला. जखमी शिपायाचं नाव तिथे नव्हतं. दिवस तोच होता, जागा तीच होती. गैरहजेरीची नोंद रद्द करण्यात आली. दोन्ही पदकं मंजूर झाली. मुख्य बाईंनी वाचून संपवलं, तेव्हा हे उठून परसात गेले आणि नारळाच्या बुंध्याला टेकून रडले. मला म्हणाले, "बघ, मेल्यावर पन त्यानंच आनलान मला."

पदकं रजिस्टर पार्सलने आली. हे ती लावून मुद्दाम वाण्याच्या दुकानापुढून एकदा चालत गेले. साखर मात्र त्याच्याकडून पुन्हा कधी घेतली नाही. तुकडा आत तसाच होता आणि माझी पहाटेची सवयही. हे गेले त्या दिवशी मी डॉक्टरांना पहिलं तेच विचारलं, तो तुकडा हलला का. ते म्हणाले, "नाही हो वहिनी. हृदय थांबलं. तुकडा होता तिथेच आहे." एवढी वर्षं मी ज्याला भ्यायले, त्याने काहीच केलं नव्हतं…

या प्रकरणानंतर ह्यांच्याकडे माणसं येऊ लागली होती. कुणाचं पदक राहिलेलं, कुणाचं नावच चुकलेलं. हे त्यांना पडवीतल्या लाकडी बाकड्यावर बसवायचे आणि चहा झाल्यावर म्हणायचे, "आता सगळा सुरवातीपासून सांगा." स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण कुठल्या खिडकीत जायचं आणि कुणासमोर गप्प राहायचं नाही, ते ह्यांना ठाऊक झालं होतं. त्या शेवटच्या दिवशीही दापोलीला अशाच एकाच्या कामाला निघाले होते.

गेल्या आठवड्यात मुरुडकडचा एक म्हातारा आला. ह्यांचं त्याला कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो त्या बाकड्यावर मटकन बसला. प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद त्याने छातीशी धरले होते. "मग मी जातो बाई," म्हणाला. "एकट्याला त्या हापिसात जायची भीती वाटते." मी आत गेले, चहा केला. चहा त्याच्या हातात दिला आणि समोर बसले. म्हटलं, "सगळं सुरुवातीपासून सांगा. आणि मग निघू. मीही येते. त्या कचेरीतले साहेब दुपारी जागेवर सापडत नाहीत, हे म्हणायचे."