उरी आणि नाम

कटंगीहून बालाघाटला येणाऱ्या बसमध्ये मी बाकाच्या मधोमध पिशवी ठेवून माझी हद्द आखली होती. शाळामास्तर असल्याने मला ती शिस्त वाटे. शेजारी एक धिप्पाड माजी फौजी येऊन बसला. मी मास्तर असल्याचं त्याने आधी माझ्याकडून काढून घेतलं. बोलताना तो गुडघ्यावर थाप मारी. स्वतःच्या नव्हे, माझ्या.

"फौजेत होतो तवा कोरियात गेलतो मी," तो म्हणाला. "तिथं कोनी 'माझं घर' म्हनतच नाही. एकटा असला तरी 'उरी' म्हनते, म्हंजे आमचं. जो 'उरी'त नाही, तो 'नाम'. म्हंजे परका."

"मग मी कोण?" मी हसत विचारलं.

त्याने पिशवीकडे पाहिलं. "थे तं तुमीच ठरवलं ना जी, गुरुजी."

मी शरमून पिशवी मांडीवर घेतली. त्याने लगेच ती जागा व्यापली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरू लागला. अर्धा बाकाबाहेर लटकत असूनही, आपण आता 'उरी' झालो, याचा मला अभिमान वाटत होता.

बालाघाटला तो उठला आणि मागे न पाहता उतरून गेला. मी मात्र मुंग्या आलेला हात हलवत त्याला निरोप देत राहिलो.