छावणीची दक्षिण बाजू

आयर्लंडमधल्या कासलबारच्या आमच्या घरात डायनिंग टेबलावर गेले वर्षभर उत्तर इराकमधलं एक रान पसरलेलं आहे. म्हणजे त्याचा मोठा करून छापलेला फोटो. दिवसा मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मापं तपासतो, संध्याकाळी पुरातत्त्वाच्या ऑनलाइन पदविकेचा अभ्यास करतो. प्रबंधाचा प्रश्न सरळ होता: एका असीरियन लष्करी छावणीत किती सैनिक मावत असतील?

राजांनी शिलालेखांत दिलेल्या संख्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी जमिनीकडे वळलो. हेरगिरीच्या उपग्रहांनी शीतयुद्धात काढलेले फोटो आता कोणालाही मिळतात. त्यांत नांगरट आणि वस्ती वाढण्याआधीचं रान दिसतं. एकात मातीच्या तटाची फिकट रेघ सापडली. असीरियन राजवाड्यांतल्या शिल्पांमध्ये छावणी वरून पाहिल्यासारखी, लंबगोल कोरलेली असते. भोवती तट, आत तंबू, एका तंबूत कोणीतरी राजाचं अंथरूण घालतंय. आकार तोच वाटला. लॅपटॉपवर मी तटाची रेघ ओढली, क्षेत्रफळ काढलं, दर हेक्टरी माणसांनी गुणलं. त्या आकड्यावर शेवटचं प्रकरण लिहिलं.

पण कारखान्यातली सवय सुटत नाही. पहिल्याचा आकडा न बघता दुसऱ्याने मोजल्याशिवाय तिथे माप धरत नाहीत. मी माझी रेघ लपवली आणि बायकोच्या हातात माउस दिला. ती प्रयोगशाळेत जंतूंच्या वसाहती मोजते. शंका आली की ठिपका धरत नाही.

दक्षिणेला ओढ्यापाशी आल्यावर तिने रेघ आत वळवली. तिची छावणी माझ्या छावणीच्या निम्मीच भरली.

"अगं, तट पुढे जातो."

"कुठे? दाखव."

मी बोट ठेवलं.

"इथे काही नाहीये. अर्धं सैन्य घरी पाठव."

मुलगी फ्रिज उघडून उभी होती. ती वळून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ फील्ड."

पुढच्या रविवारी मी पुन्हा मोजलं. तिसराच आकडा आला. ओढ्यापलीकडे मला तट दिसत नव्हताच. छावणी लंबगोल असते हे ठाऊक असल्यामुळे हात आपोआप वळत होता. शिवाय दर हेक्टरी माणसं मी रोमन छावण्यांवरून उसनी घेतली होती. अंदाजाला अंदाजाने गुणलं होतं. कारखान्यात असा भाग नापास मालाच्या लाल पेटीत जातो.

मार्गदर्शकांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं.

"काम ग्रँड आहे," ते म्हणाले. "एक आकडा निवडा, कारण द्या. कोणी तपासायला जाणार नाही."

"तीच तर अडचण आहे."

ते हसले. आकड्याशिवाय निष्कर्ष नाही आणि निष्कर्षाशिवाय प्रबंध परत येईल, असंही म्हणाले. मी तिन्ही रेघा, तिन्ही आकडे आणि 'ठरवता येत नाही' हे वाक्य पाठवलं. प्रबंध परत आला. शरद ऋतूत पुन्हा द्यायचा आहे, एका आकड्यासह. तो कुठून आणायचा, मला माहीत नाही.

"म्हणजे दिवाळीपर्यंत हे टेबलावरच?" बायकोने विचारलं.

"हो."

ती हातात ताटं घेऊन आली होती. ताटं तिने फोटोवरच, ओढ्याच्या पलीकडे मांडली. "इथे काही नाहीये," ती म्हणाली, "बसा जेवायला."