बाईंनी गाळलेली ओळ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीला लागून, मधे अर्धी काचेची भिंत घातलेली एक खोली आहे. दारावर 'माहिती कक्ष' अशी पाटी आहे, पण पाटी वाचून तिथे कुणी येत नाही. लोक विचारत येतात, "त्या कागदवाल्या बाई कुठे बसतात हो?"

कागदवाल्या बाई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, बोलायला फटकळ बाई. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला असायचा आणि दिवसातून चारदा त्या तोच शोधायच्या. मुळात त्या कारकून, फायली लावायच्या. सतरा वर्षांपूर्वी एक सुतार आपली फाईल घ्यायला आला आणि खिडकीतून हळूच म्हणाला, "बाई, काखेतल्या गाठी काढल्यावर मला रंधा मारता येईल का?" डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं होतं, हे तेवढं राहिलं होतं. त्याने विचारलं नव्हतं आणि डॉक्टरांना सवड नव्हती. बाई दोन जिने चढून गेल्या, डॉक्टरांना दारातच गाठलं, विचारलं, आणि मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून आणलं. सुताराने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. बाईंनी ते पाहिलं, आणि फायलींवरून त्यांचं मन उडालं ते उडालंच.

तेव्हापासून ज्याचा त्याचा वेगळा कागद. समोर कर्करोगाचा पेशंट बसला की बाईंचा पहिला प्रश्न आजाराचा नसायचा. "दिवसभर हातांनी काय करता?" हा असायचा. मास्तरांच्या कागदावर आवाजाचं काय होईल ते, स्वयंपाकीणबाईंच्या कागदावर चव कधी परत येईल ते. खाली तीन रकाने: पक्कं, सांगता येत नाही, विचारून सांगते. त्याखाली कुठल्या डॉक्टरांकडून खात्री केली ते, तारीख आणि सही. कुणी मोबाईलवर आलेला काढ्याचा रामबाण उपाय दाखवला की बाई म्हणायच्या, "ज्यांनी पाठवला त्यांना आधी एक महिना प्यायला सांगा, मग आपण बघू."

शेजारच्या टेबलावर दोन वर्षांपूर्वी एक नवी मुलगी आली. तिला बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जी ओळ लिहायला हात धजत नाही ना, ती सगळ्यात आधी लिहायची. नंतर लिहू म्हटलं की राहते."

हा चोखपणा बाई काही पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. दादाकडून शिकल्या होत्या. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील पोटाच्या आजाराने गेले. शेवटचे दोन महिने वडील दुखण्याने ओरडायचे, आणि दादा बहिणीचे कान आपल्या तळव्यांनी झाकून बसायचा. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याने चालवायला घेतलं आणि त्यातच बहिणीला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. शाळेतून आली की ती दुकानातल्या स्टुलावर बसायची. दादा डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात मोहरीहून बारीक स्क्रू धरून काम करायचा. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "चालेल, पण आठवड्याला पाच मिनिटं मागे पडेल. चालत असेल तर ठेवा."

पाण्यात पडलेलं घड्याळ घेऊन येणारी माणसं हमखास म्हणायची, "पाण्यात नाही हो पडलं, आपोआप बंद पडलं." दादा वाद घालायचा नाही. सावकाश, अदबीने मान हलवायचा. माणूस गेला की झाकण उघडून आतला गंज बहिणीला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ बारके. आता ह्यांनी पुढे काहीही सांगितलं तरी आपण आपलं उघडूनच बघायचं."

दोन वर्षांपूर्वी दादाच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिने दोन औषधं एकत्र देऊ. मळमळ होईल, थकवा येईल, थोड्या मुंग्या येतील. दादाने ऐकून घेतलं आणि वहिनीला म्हणाला, "बारकीचा कागद येऊ दे. मग ठरवू."

बाईंनी कागद लिहायला घेतला. हात धजत नव्हता ती ओळ त्यांनी आधी लिहिली. बोटांची टोकं बधिर होतील. बारीक स्क्रू हाताला लागणार नाही. बऱ्याच जणांचं सुधारतं, काहींचं कायमचं राहतं. दोनऐवजी एकच औषध घेता येतं. त्यात बोटं बहुतेक वाचतात, पण आजार परतायची शक्यता थोडी वाढते.

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. दादा काय निवडेल हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. चिमट्याशिवाय दादा म्हणजे कोण, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्यांनी कागद फाडला, चार तुकडे केले, आठ केले. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'हातापायांना मुंग्या येतील.' खाली तारीख घातली, सही केली.

भावावरच्या मायेपोटी झालं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. हेच दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं, तर त्याला त्यांनी उभ्या उभ्या झाडलं असतं.

औषधं संपली. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. दादा दुकानात बसायचा, स्क्रू उचलायचा, उचलला की नाही ते बघावं लागायचं, आणि तोवर तो खाली पडलेला असायचा. वहिनी फरशीवर लोहचुंबक फिरवून स्क्रू शोधून द्यायची. "मुंग्याच आहेत, जातील," दादा म्हणायचा. "बारकीने लिहिलंय." हे वाक्य बाईंनी आठ महिने ऐकलं. प्रत्येक वेळी त्यांनी विषय बदलला.

मग एका तपासणीच्या सकाळी दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. तोच आजार, तेच डॉक्टर. तिथल्या बाकांवर माणसं लग्नाचे फोटो दाखवावेत तसे एकमेकांना कागद दाखवतात. त्यांनीही दाखवला. "मला बाईंनी आधीच लिहून दिलं हो, सुई हातात राहणार नाही म्हणून. मी एकच औषध घेतलं." दादाने कागद हातात घेतला. अक्षर ओळखीचं होतं.

त्या दिवशी त्याने दाराशी टोकन घेतलं. आजवर कधी घेतलं नव्हतं. एकोणीस नंबर पुकारल्यावर तो आत आला आणि पेशंटच्या खुर्चीत बसला.

"बारके, त्या शिवणवाल्या बाईंचा कागद वाचला मी. माझ्या कागदावर ती ओळ नव्हती."

"नव्हती."

"विसरलीस?"

पळून जायला हे एक दार त्याने स्वतःच उघडून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "नाही. लिहिली होती. फाडली. तू बोटं निवडली असतीस, दादा. मला तू हवा होतास."

दादाने आपल्या बोटांकडे पाहिलं. "काय निवडलं असतं, कोण जाणे," तो म्हणाला. "कदाचित तेच घेतलं असतं. आता ते मलाही कधी कळायचं नाही." आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. उठताना त्याने टोकन टेबलावर ठेवलं, तिथे ठेवायचं असतं म्हणून.

तीन आठवड्यांनी त्या तपासणीचा निकाल आला. आजार परत आला होता, यकृतात. जे वाचवायला बाईंनी बोटं घालवली होती, तेही गेलं. त्या दिवशी त्या फायलींच्या जुन्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं टेकून रडल्या, आणि रडूनही काही हलकं झालं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक औषध देऊन पाहिलं. दोन महिन्यांत तेही थकलं. मग वहिनी दादाला घेऊन माहिती कक्षात आली. दादा इतका वाळला होता की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. त्याचा एकच प्रश्न होता.

"बाबांसारखं होईल का? तेवढं लिहून दे."

बाईंनी त्यांच्यासमोरच लिहिलं. हात धजेना ते आधी: वेळ महिन्यांत मोजायचा, वर्षांत नाही. औषधाने आता आजार हटणार नाही. कावीळ होईल, भूक जाईल, झोप वाढेल. मग दुखण्याचं लिहिलं. बाबांच्या वेळी जे मिळालं नाही ते आता मिळतं. गोळ्या ठरलेल्या वेळेला घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. पुरल्या नाहीत तर डॉक्टर डोस वाढवतात, गिळता आलं नाही तर दुसऱ्या वाटेने देतात. फोन कुणाला करायचा, घरी कोण येईल. दुखणं बहुतेकांचं आटोक्यात राहतं. हे त्यांनी 'पक्कं' या रकान्यात लिहिलं, कारण ते पक्कं होतं. दादाला देण्यासारखं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि त्याने ते घ्यावं म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

दादाने कागद वाचला. वहिनीचा हात धरून उठला, आणि काचेच्या पलीकडे नव्या मुलीच्या टेबलाशी जाऊन बसला.

"बाळ, जरा बघतेस? हे खरं आहे का?"

मुलगी गांगरली. "काका, हे तर बाईंचंच अक्षर आहे."

"म्हणूनच."

तिने एकेक ओळ वाचली. दादा बधिर बोट ओळीवर ठेवून विचारत होता, "हे?" "हो काका, खरं आहे." "आणि हे?" दुखण्याच्या ओळीवर त्याने तीनदा विचारलं. तीनदा तिने हो म्हटलं. बाईंना सगळं ऐकू येत होतं. ती भिंत अर्धीच होती.

"आणि यात लिहिलेलं नाही, असं काही?"

मुलीने कागदावरून वर पाहिलं, मग काचेतून बाईंकडे. "ते," ती चाचरत म्हणाली, "ते बाईंनाच माहीत, काका."

बाई उभ्या राहिल्या. "काही नाही रे दादा. सगळं लिहिलंय. तुझी शपथ, काही गाळलं नाही."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश, अदबीने मान हलवली.