आडवा पडलेला सैनिक

चष्मेवाल्याला तयार माल जसाच्या तसा कधी पटलाच नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काडी जरा गरम करून वाकवायची, पुन्हा बसवून बघायची, यातच त्याची तीस वर्षं गेली. मग युद्धाच्या खेळाचं नियमपुस्तक तो कसलं सोडतोय! शिशाचे बोटभर सैनिक, फासे, मोजपट्टी आणि सव्वाशे पानी पुस्तक, असा तो खेळ. पुस्तकाप्रमाणे नदी ओलांडायला एकच डाव लागायचा. "पूर आला तरी एकच? लिहिणारा कधी गुडघाभर पाण्यात उतरला होता का?" असं म्हणून त्याने पहिली चिठ्ठी चिकटवली. होता होता चिठ्ठ्यांनी पुस्तक फुगून दुप्पट झालं. बायको म्हणायची, "खेळता कमी, भांडता जास्त." खरंच होतं ते. नियम बदलायचा, डावात लावून बघायचा आणि फसला की एकमेकांवर खापर फोडायचं, सगळी मजा त्यातच तर होती.

भांडायला समोर बायकोचे थोरले भाऊ, दादा. निवृत्त नकाशेवाले, केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढणारे. दर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत हजर. पूर्वी चष्मेवाल्याची बाही लागून सारखे सैनिक पडायचे, तेव्हा वैतागून दादांनीच चिठ्ठी लिहिली होती: 'पडला तो मेला.' त्यालाही आता बारा वर्षं झाली.

यंदा दादांचा हात थरथरायला लागला. एका रविवारी तोफ सरकवताना त्यांनी स्वतःचेच अकरा सैनिक झोपवले.

"राहू द्या हो दादा, उभे करू."

"का? मी काय कुक्कुलं बाळ आहे? पडला तो मेला!" दादांनी अकराही आपल्या सैनिकांच्या डब्यात टाकले आणि निघताना तो डबाच चष्मेवाल्यापुढे सरकवला. "तुमच्याकडेच ठेवा. माझं आता बास झालं."

त्या आठवड्यात चष्मेवाल्याचं कशात लक्ष लागेना. एका बाईंना त्याने भलत्याच माणसाचा चष्मा घातला. दादा नाहीत तर भांडायचं कुणाशी? आपल्याला सख्खा भाऊ नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं. त्यात दादांची कीव केली तर ते कायमचे तुटणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी तो त्यांच्या दारातूनच कडाडला, "दादा, तुमचा तो नियम साफ चुकीचा आहे! गोळ्या सुटल्या की शहाणा माणूस काय करतो? आडवा होतो. आडव्याला गोळी लागणं अवघड. बारा वर्षं आपण उलटं खेळलो!"

दादांनी डोळे बारीक केले. "माझ्या हातासाठी चाललंय हे."

"तुमच्या हाताचं काय घेऊन बसलात? माझ्या बाहीने किती मेले ते आठवा!"

दादा हळूच म्हणाले, "आडव्याला मारायला फाशावर किती पडायला हवेत?"

"सहा."

"फार होतात. पाच किंवा सहा. आणि उठायला एक डाव जाईल."

घासाघीस सुरू झाली आणि चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात आला. चष्मेवाल्याच्या तोफा टेकडीवर रोखलेल्या. आपल्या पाळीत दादांनी झेंडेवाल्याला हात लावला मात्र, अख्खी तुकडी धाडकन आडवी! चष्मेवाल्याने फासे टाकले. तीन, दोन, चार, एक. एकही मेला नाही. पुढच्या डावात ती तुकडी उठली, त्याच्या पुढच्यात तिने चष्मेवाल्याच्या तोफा घेतल्या.

"मुद्दाम पाडलेत!" चष्मेवाला खरोखरच चिडला. नियम आपण कशासाठी बदलला, तेच तो विसरला होता. "लबाडी आहे ही, दादा!"

दादा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "चिठ्ठी द्या एक."

चार ओळी लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. अक्षर वेडंवाकडं, पण एकही खाडाखोड नाही.

'मुद्दाम पाडलेला मेला.
आपोआप पडलेला जिवंत.
वाद झाल्यास पाडणाऱ्याचा शब्द खरा.
पुढच्या रविवारपासून लागू.'

शेवटची ओळ चष्मेवाल्याने दोनदा वाचली. मग गोंद शोधायला तो पाठ फिरवून उठला, आणि समोरच असलेली बाटली त्याला बराच वेळ दिसेना.